एकट्या ठेकेदाराचा चहा

"साहेब, फोन फुकट वाटून तुमच्या कंपनीले काय भेटते?"

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून चामोर्शीच्या बसस्टँडवर मी कंपनीच्या माणसाला विचारलंच!

"सेवा आहे ताई. मोहफुलं आमच्या अ‍ॅपवर विका, गाडी दारात येईल. पाच वर्षं फक्त आम्हालाच विकायची, एवढाच करार."

मोहाच्या पोत्यावर बसलेल्या एक बाई वळल्या.

"फोन झकास हाय बापू. गाडीबी झकास. पन फक्त तुमालेच काऊन?"

"आमचा भाव सगळ्यात जास्त आहे, मावशी."

"मंग बांधून काऊन घेता? जास्त भाव असन त आमी आपोआपच येऊ ना."

"कंपनीचा नियम आहे."

"पाच वर्सांत बाकीचे व्यापारी उठून जातीन. मंग भाव कोन सांगन? तूच?"

"तुम्ही करार वाचलात का?"

"मले वाचता येत नाई. म्हनून आमच्या गावात कोनी मोठ्यानं वाचल्याबिगर अंगठा देत नाई. अन् तेंदूपत्त्याच्या लिलावाले दोन ठेकेदार आल्याबिगर बोली उघडत नाई. एकटाच आला त चहा पाजून परत धाडतो."

"मग मला?"

"तुलेबी पाजू. साखर जास्त टाकू, चाल!"

अख्खा बसस्टँड हसला, तोही हसला. मी मात्र बाईंकडे बघतच राहिले.

घरी पोचले, तर कंपनीचा नवा फोन पुढ्यात ठेवून बाबा त्याच करारावर सही करायला पेन शोधत होते.

"बाबा, थांबा. उद्याच्या ग्रामसभेत हा कागद मी वाचणार, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. आई, कंपनीवाला येईल, तू फक्त चहाचं बघ."