पहिलं नाव

बफेलोतल्या पोलिश बेकरीत पोंचकीसाठी, म्हणजे जॅम भरलेल्या डोनटसाठी, रांग लागली होती. हलिना आजींच्या पुढे गस्तीवरचे दोन पोलीस उभे होते, पिकल्या मिशांचा रॅफर्टी आणि नुकतीच भरती झालेली डियाझ.

“पाळ्या निवडल्या त्या दिवशी मी रजेवर होते. आपल्या टॅनियाला दिवसपाळी मिळाली कशी?”

“रीतसर. युनियनचा करारच आहे, ज्याची नोकरी जुनी तो आधी निवडणार.”

“पण दिवसाच्या जागा बारा, आणि ती यादीत पंधरावी!”

“हो ना.”

“तिची लेक रोज रात्री घरीच डायलिसिसच्या यंत्रावर असते. कुणीतरी आपली जागा द्यायची ना तिला!”

“देता येत नाही, करारात बसत नाही. फार तर आपली सोडायची.”

“मग?”

“सार्जंटनं पहिलं नाव पुकारलं. उत्तर आलं, रात्र. दुसरा खाकरला आणि म्हणाला, रात्र. तिसराही तेच.”

“आधी ठरलं होतं?”

“एका शब्दानं नाही. टॅनियाचा नंबर आला तेव्हा दिवसाची एकच जागा उरली होती. ती नुसती यादीकडे बघत राहिली. सार्जंट म्हणाला, बोल बाई, मला लिहायचंय.”

“पहिलं नाव कुणाचं होतं?”

“माझं.”

“रॅफर्टी! अठरा वर्षं रात्री जागून तुम्ही दिवसपाळी मिळवली होती!”

“मला ऊन सोसत नाही.”

“बफेलोत? फेब्रुवारीत?”

“पुढे सरक पोरी, रांग हलली.”

रांग खरंच हलली होती. मागे सगळं ऐकलेल्या हलिना आजी मात्र होत्या तिथेच रॅफर्टीकडे बघत उभ्या राहिल्या.