कुलपाला टाकलेल्या अक्षता

माहेर माहं पुसेगावचं. नाव गोदावरी, पण लगीन होऊन आखाडा बाळापुरात आले तवापासून समदे गोदामावशीच म्हणतात. बापाच्या घराला कुलूप न्हवतं बरं का, कडीत बाभळीची काडी खोचायची आन् शेतात जायचं, चोरानं न्यावं असं व्हतं काय, चार गाडगे आन् आमची आजी, आन् आजीला नेलं असतं तर त्यानंच दुसऱ्या दिवशी हात जोडून आणून सोडलं असतं. कुलूप कसं लावतात ते मी सासरी शिकले, आन् पुढं साऱ्या गल्लीच्या किल्ल्या माह्याच पदराला आल्या, नशीब पहा.

आमची गल्ली अकरा घरांची. आमचे मालक अडतीवर पोते उचलतात, मी घरीच. तर व्हायचं काय, लगीन निघालं की घरदार सारं मांडवात, आन् चोर बराबर त्याच टायमाला यायचे, दिवसाढवळ्या. काहून न्हाई येणार? पत्रिकेत तारीख, येळ, ठिकाण समदं छापून गावभर वाटायचं, म्हणजे चोरालाबी आवतण धाडल्यासारखंच की. एका उन्हाळ्यात आमच्या गल्लीत दोन घरं फुटली, तवा शेजारची बाई म्हणली, गोदा, माह्या पोराच्या लग्नात तू घरी बसतीस का, तुह्याबिगर कोणाचा भरवसा न्हाई. बसले. जी बसले ती बसलेच, सव्वीस वर्षं.

काय सांगू ताई तुमाला, राखण म्हणजे नुसतं ओट्यावर बसणं न्हाई, त्याला डोस्कं लागतं. आधी दारासमोर बाप्यांचे मोठाले बूट मांडायचे. मग तारेवर दोन शर्ट ओले करून टाकायचे, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं आत्ताच कोणी आंघोळ करून गेलं. मधीमधी कुकरची शिट्टी. आन् घडीघडी आत तोंड करून वरडायचं, अवो, च्या झाला, उठता का न्हाई! आत कोणीच न्हाई. मालक चिडवायचे, मी इकडं पोते वाहून मरून राहिलो आन् तू लोकांच्या घरात माह्या नावानं च्या करून राहिलीस, एखादा कप अडतीवर धाडत जाय की.

पैसा कोणाचा घेतला न्हाई. मांडवातून ताट यायचं, बुंदी, पुरी, वांग्याची भाजी, पोटभर. पण खरं सांगू? पहिल्या लग्नाला भोंग्यावर मंगलाष्टक सुरू झालं आन् मला रडूच आलं, समदा गाव तिथं आन् मी एकटी दुसऱ्याच्या ओट्यावर. पुढच्या टायमाला मास्तरीणबाईनं, समोरच राहतात त्या, जाता जाता कागदाच्या पुडीत अक्षता दिल्या, म्हणल्या, गोदा, इथूनच टाक, पोचतात. मग मी भोंग्याकडं कान लावून दाराला टाकायची. दार बंद, म्हणजे कुलपालाच की. त्या कुलपांचं किती येळा लगीन लावलं म्या, गिनती न्हाई!

मास्तरीणबाईच्या पोरीचं लगीन, त्या दिवसाची गोष्ट सांगते. बारा वाजून गेलते, भोंग्यावर मंगलाष्टक चालू, मी पुडी सोडून बसलेली. तेवढ्यात फटफटीवर एक बाप्या आला. गुलाबी फेटा, कपाळाला गंध, अत्तराचा वास, कोणी म्हणलं नसतं की लबाड हाय. म्हणला, मावशी, मी नवरीचा मामा, आक्कानं धाडलं, कपाटातली दागिन्याची पेटी राहिली, किल्ली द्या लवकर. आन् खोटं काहून बोलू, माहा हात पदराच्या गाठीवर गेलता. गाठ अर्धी सुटलीबी. मामाला न्हाई कसं म्हणावं? तेवढ्यात भोंग्यावर पुढचं कडवं सुरू झालं आन् माह्या डोस्क्यात लख्ख उजेड पडला. म्या म्हणलं, मामा, तुमी इथं, तर मंगलाष्टकाला नवरीच्या पाठीमागं कोण उभं हाय?

मामाचं तोंडच उतरलं. मी जोरात वरडले, अवो, बाहीर या, मामा आलेत! त्यानं त्या मोठाल्या बुटांकडं पाहिलं आन् फटफटीला लात मारून असा पळाला की फेटा सुटून निम्मा रस्त्यानं फरफटत गेला. गावानं माही लई तारीफ केली. मास्तरीणबाईनं तर गळ्यात पडून रडून घेतलं. पण मला ती अर्धी सुटलेली गाठ दिसायची. त्या दिवसापासून किल्ली हातात आली की माहा जीव तिच्यातच.

आता गेल्या उन्हाळ्यात माह्या सुनीताचं लगीन निघालं, एकुलती एक पोर. आन् गल्ली म्हणली, मावशीनं सव्वीस वर्षं आमची घरं राखली, तिच्या पोरीच्या लग्नाला लहानथोर समदे जाणार, एकबी माणूस घरी राहणार न्हाई. मायेनंच म्हणले, पण म्या घरं मोजली. अकराच्या अकरा घरं बंद! आन् माह्या पोरीच्या लग्नापायी कोणाचं घर फुटलं तर मी तोंड कुठं दाखवू?

लग्नाच्या दिवशी सकाळी काय झालं ते ऐका, हसू नका. मी नवं लुगडं नेसून, हळदीच्या हातानं ओवाळणीचं ताट लावून राहिले, तर एक बाई आली, मावशी, ही किल्ली. तिच्या मागं दुसरी. मग तिसरी. सवयच, दुसरं काय! कोणाच्या ध्यानातच न्हाई की आज लगीन मावशीच्याच घरचं हाय. आन् मी तरी काय शहाणी, घेत गेले आन् बांधत गेले. नव्या लुगड्याच्या पदराला हा एवढा गठुडा.

सुनीतानं तो पाहिला. मुंडावळ्या बांधून व्हत्या, तशीच उठून आली. म्हणली, माय, तू येणार न्हाईस ना? म्या म्हणलं, येते की बाई, अक्षता पडल्या की येते, जेवणाच्या ताटापर्यंत पोचते. ती म्हणली, साऱ्या गावाच्या पोरींच्या अक्षता तू कुलपाला टाकल्या, माह्याबी कुलपालाच टाकणार का? लेकरू रडून राहिलं आन् माहा हात गठुड्यावर.

तेवढ्यात मास्तरीणबाई दारात. गुडघ्यानं चालवत न्हाई त्याहिला, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मास्तरांचे काळे बूट. मास्तर जाऊन तीन वर्षं झाली, पण बूट पुसून ठेवतात. ओट्यावर बूट मांडले, टेकल्या आन् हात पुढं केला. म्हणल्या, गोदे, तू ऊठ, मी बसते. म्या म्हणलं, बाई, तुमी? तुमच्याच्यानं व्हतंय का? तर म्हणल्या, वरडायला गुडघे लागत न्हाईत, आण किल्ल्या. म्या एक एक गाठ सोडली आन् शेवटी अक्षतांची पुडी त्यांच्या हातावर ठेवली.

मंगलाष्टक सुरू झालं तवा सवयीनं माहा हात पदराला गेला. पदर रिकामा. मग मुठी भरभरून टाकल्या ताई, सुनीताच्या डोक्यावर, जावयाच्या डोक्यावर, मामाच्याबी फेट्यावर, आन् मामा जाग्यावर हाय का ते आधी पाहून घेतलं!

जेवणं सुरू झाली तसं पहिलं ताट म्या वाढून घेतलं आन् स्वतः घेऊन आले. पाहते तर तारेवर ओले शर्ट, दारात बूट, मास्तरीणबाई ताठ बसलेल्या. आन् उंबऱ्यात अक्षता. म्या गल्लीत नजर टाकली तर समोरच्या कुलपाखाली अक्षता, त्याच्या बाजूच्याबी. अकराच्या अकरा दारांशी. म्या म्हणलं, बाई, या गुडघ्यानं साऱ्या गल्लीत फिरल्या तुमी? तर म्हणल्या, तूच तर शिकवलं, कुलपाला टाकायच्या. वाढ आता, भूक लागली.

आता जावई म्हणतात, गल्लीला कॅमेरा लावा. लावा म्हणलं, पण तो मामाला इचारणार हाय का काही? गल्लीनं आता पाळी लावली हाय, दर लग्नाला एक घर मागं राहतं. औंदा मी चार लग्नं मांडवात बसून पाहिली, बुंदी गरम खाल्ली. मास्तरीणबाई माह्या शेजारी खुर्चीवर असतात.

तुमच्याबी घरी शुभकार्य निघो ताई, घर भरलेलं राहो, कुलपाची गरजच न पडो. आन् पडलीच, तर जे कोणी ओट्यावर बसलं असंल त्याला, तू ऊठ, मी बसते म्हणणारं माणूस भेटो.