शर्टाचा वास

घरी बिअर बनवायचं सामान विकणाऱ्या त्या दुकानात रांग खोळंबली होती. पुढचे बापलेक बिअरला वास देणाऱ्या हॉप्सच्या दोन जातींची वाळकी फुलं तळहातावर चोळून बघत होते आणि मागच्या सुताराच्या कानावर सगळं पडत होतं.

“आजारपणात माझं नाक गेलं ते गेलंच. तूच सांग, पहिल्याचा वास कसाय?”

“संत्र्याच्या सालीसारखा. मस्त आहे, बाबा.”

“आणि दुसऱ्याचा गं?”

“तुम्ही लाकडाच्या कारखान्यातून यायचात ना, तेव्हा मी तुमच्या शर्टात तोंड खुपसायचे. तोच वास.”

“एवढं जपून ठेवलंस, पोरी? भाग्य माझं. दुकानदारभाऊ, दुसरंच बांधा.”

“पण बिअर पहिल्याची चांगली होईल.”

“मला सगळी पाण्यासारखीच लागते गं. पण ही फुलं उकळली की वास घरभर होईल. त्या दिवशी तू घरी ये, म्हणजे झालं.”