रक्ताचं कुणी आलं तर

ईएसआर म्हटलं की तुम्हाला रक्ततपासणीच आठवते ना? आमच्या पिंपरीच्या औषध कंपनीतही तेच. सत्तरच्या दशकात आमच्या लॅबमध्ये चुंबकाने इलेक्ट्रॉनची फिरकी बघणारं ईएसआर मशीन आलं. दारावर पाटी लागली आणि कामगार डॉक्टरची चिठ्ठी घेऊन, बाह्या सरसावून रांगेत. वैतागून मी वॉचमन कदमांना बजावलं, "रक्ताचं कुणीही आलं तरी सरळ कंपनीच्या दवाखान्यात पाठवा."

पुढच्याच आठवड्यात मुंबईचे एक संशोधक याच मशीनवर तपासायला रक्ताचे नमुने बर्फातून आणणार होते. ठरल्या दिवशी दुपार झाली तरी त्यांचा पत्ता नाही.

"कदम, मुंबईचे साहेब आले का?"

"आले की. रक्ताचं म्हणले, धाडलं दवाखान्यात."

मी धावलो. साहेब कोपरात कापूस दाबून बसलेले, मांडीवरच्या डब्यातून पाणी ठिबकतंय.

"ईएसआर झाला हो," ते म्हणाले, "पण माझा."