एका रकान्यात एकच नाव

हॅलो? … हॅलो, मानसी? अगं मी, मृणालिनीताई. … हो, सेंटरमधूनच. पण माझ्या मोबाइलवरून लावलाय, घाबरू नकोस.

… रडतेयस का? … सर्दी? बरं, सर्दी. बावीस वर्षं काउंटरवर बसूनही मला सर्दी आणि रडण्यातला फरक कळत नाही, असं समज.

मुलुंडच्या एका तपासणी केंद्राचं काउंटर सांभाळणाऱ्या मृणालिनीताईंनी समोर आलेल्या बाईंना हातानेच ‘बसा’ म्हणून खूण केली आणि फोन या कानाचा त्या कानाला लावला.

… नाही, आज सगळं चालू आहे. एकतीसच्या एकतीस कॉम्प्युटर. तूच केलेस ना काल, एकेका टेबलाखाली शिरून! … हो, हो… अगं ऐक ना!

ते माफीचं पत्र पाठवलंस? … अजून नाही? देव पावला. … काय लिहिलंयस? वाच बघू. … ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’… थांब, थांब. कसला निष्काळजीपणा? व्हायरस अडवायला म्हणून त्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं. तिनेच काल पहाटे बिघडलेलं अपडेट पाठवलं, आणि इतक्या वर्षांत एकाही व्हायरसला जमलं नाही ते करून दाखवलं. सगळ्या स्क्रीन निळ्या! वाट लागली. तू तेव्हा भांडुपला घरी झोपली होतीस. झोपणं हा निष्काळजीपणा?

… हो, आलंय ना कंपनीचं मेल. ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ खाली सही कुणाची? ‘टीम’. आता या टीमला कुठे गाठायचं, सांग.

… दत्तारामकाका? बरे आहेत. सकाळीच फोन केला होता मी. … माहितेय गं मला. रात्रीपासून उपाशी, शुगरचं रक्त द्यायला आलेले. नावाचे स्टिकर छापले जाईनात म्हणून दीड तास बसले आणि चक्कर येऊन पडले. … त्यांची मुलगी आपल्या मॅनेजर सरांना बोलली, तिचं काही चुकलं नाही. पण त्यांना बसवून कुणी ठेवलं? मी! ‘होईल हं काका, पाच मिनिटं’, असं अकरा वेळा म्हटलं असेन. नळीवर साधी चिकटपट्टी लावून पेनाने नाव लिहायचं मला सुचलं कधी? ते पडल्यावर.

… नाही गं, देवव्रत सर वाईट नाहीत. घाबरलेत. ट्रस्टींनी फॉर्म पाठवलाय. त्यात रकाना आहे, ‘जबाबदार व्यक्तीचे नाव’. व्यक्ती. एकवचन. … मग सगळ्यात सोपं नाव कुणाचं? इथे पंखा बंद पडला तरी लोक तुलाच हाक मारतात.

… तेच म्हणतेय मी! अपडेट आधी एका मशीनवर लावून बघायला हवं होतं, बरोबर. पण पूर्वी तू तेच करायचीस की. आठ-आठ दिवस थांबायचीस. मग बंद का केलंस? … हं. मेमो. ‘अपडेट आल्या दिवशीच सर्व संगणकांवर लावणे.’ सही सरांची. म्हणून तू अपडेट आपोआप लागायला ठेवलंस. … ते विसरलेत. मी नाही विसरले.

बावीस वर्षांत कोण कधी कुणावर ओरडलं, कुणी कुणावर ढकललं, हे सगळं ताईंना तारखेसकट पाठ होतं. फक्त एक तारीख त्या मनातल्या मनात झाकून ठेवत आल्या होत्या.

मानसी… तो मेमो कुणाच्या तक्रारीवरून निघाला, माहितेय? … नाही, डॉक्टरांच्या नाही. … माझ्या. … अगं, माझ्या स्क्रीनवर ती लाल पट्टी यायची ना, ‘अपडेट बाकी आहे’? नेमकी टोकन नंबरवर. मला नंबर दिसायचा नाही, लोक माझ्यावर खेकसायचे. तुला सांगायचं सोडून मी थेट वर गेले. म्हटलं, मानसी कामं लोंबकळत ठेवते. … हो. … हो गं, हेच शब्द.

… शिव्या दे हवं तर.

… आत्ताच का सांगतेय? काल तू माझ्या टेबलाखाली गुडघे टेकून बसली होतीस. वर बघून म्हणालीस, ‘ताई, तुमचं आधी करते, तुमच्याकडे रांग आहे.’ … तेव्हापासून चहासुद्धा गोड लागत नाहीये मला.

… माझी नोकरी? काय करतील? रिटायर व्हायला दोन वर्षं उरलीत. … ए, तू माझी काळजी करतेयस? कमाल आहेस यार तू!

आता ऐक. ते पत्र पुसून टाक. मेमो माझ्या फाइलमध्ये सापडलाय, तक्रारीच्या कागदासकट. घेऊन वर चाललेय. आणि तो फॉर्मही माझ्याकडेच आलाय, अक्षर चांगलं म्हणून. … हो, एकच ओळ आहे, बघितलं मी. आधी कंपनीचं, मग सरांचं, मग माझं. … तुझं? तू ऐकणार नाहीसच, तर सगळ्यात शेवटी तुझंही घालते. पण एकटीचं नाही.

… अगं मावतील! बारीक लिहिते.

समोरच्या बाईंनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली, उलटसुलट करून पाहिली आणि पुन्हा आत ठेवली. ताईंची नजर तिथेच अडकली.

… थांब, मानसी. अहो… तुम्ही उपाशी आहात का? … ठेव गं फोन. ठेव आधी!