साहेबांचा खेद

भीमाबाई: मंग ते माफी नोहे?

चारुलता: नाही, मावशी. साहेब उद्या आनंदरावांच्या शोकसभेत इंग्रजीतून 'रिग्रेट' वाचणार. मला मात्र मराठीत 'माफी मागतो' असं सांगायला लावलंय.

भीमाबाई: एकच असन ना वं दोन्ही. एकाच घरचे शब्द.

चारुलता: घर एक, पण चूल वेगळी. 'अपॉलॉजी' म्हणजे आमचं चुकलं. 'रिग्रेट' म्हणजे झालं ते वाईट झालं, बस्स. चुकलं कोणाचं, ते त्यात येतच नाही.

भीमाबाई: वाईट तर शेजारच्या कांताबाईलेही वाटलं. अजून भाकरी आणून देते बिचारी. तिलेही रिग्रेटच झालं म्हण की! बरा शब्द हाये. रडाचंबी अन् हातबी झटकाचे.

चारुलता: साहेबांनी आधी 'अपॉलॉजी'च सांगितलं होतं. वकील म्हणाले, हे लिहिलं की अडकलात. मग मीच नवा कागद लावून पुन्हा टाइप केलं.

भीमाबाई: त्याइची चूक नाही, तं मंग कोणाची? सांग ना वं.

चारुलता: फुटला तो बॉयलर आनंदरावांच्या ताब्यात होता ना... त्यांचंच नाव घालतील.

भीमाबाई: माह्या माणसाचं? वॉल्व खराब हाये म्हणून त्याइनं खडूनं फुली मारली होती. साऱ्या पाळीनं पाहिली. साहेबच म्हणे, चालू दे, माल अडून राहिला. अन् आता खापर मेलेल्याच्या डोक्यावर!

चारुलता: माफी ऐकली की तुम्ही समझोत्यावर सही कराल, असं त्यांना वाटतं. केलीत तर रवींद्रला नोकरी. नाही तर नाही.

भीमाबाई: पोरगा सकाळपासून बापाच्या खाकी शर्टाले इस्त्री करून राहिला. तू उद्या 'माफी' म्हटलं असतं, तं मी सही करून मोकळी झाली असती. काहून आली बर्डीवरून इतक्या दूर?

चारुलता: आनंदराव येता-जाता माझ्या खिडकीशी थांबायचे. 'जेवली का पोरी?' म्हणायचे. त्यांच्या बायकोशी मला खोटं बोलवेना.

भीमाबाई: मंग बोलू नको. कागदावर जे हाये, तेच सांगजो. मंग मी उभी राहीन अन् साऱ्यांदेखत पुसीन, फुली मारली होती, तरी बॉयलर कोणं चालवाले लावला? माहा सवाल साहेबाले इंग्रजीत तू सांगजो. हलका नको करू.

चारुलता: आणि रवींद्र?

भीमाबाई: बापाले गुन्हेगार करून भेटलेली नोकरी तो कोणत्या तोंडानं करन? चिडन माह्यावर. चिडू दे.

चारुलता: माझीही जाईल, मावशी. बाबा पेन्शनीत निघाले. धाकट्या दोघी अजून शिकतायत.

भीमाबाई: माहीत हाये. म्हणून तं तुले आधी पुसून राहिली. नाही म्हटलं तरी मले राग नाही येणार.

चारुलता: ...सभा अकराला आहे. तुम्ही पुढच्या रांगेत बसा. तुमचा शब्द न् शब्द मला नीट ऐकू यायला हवा.