धोट्यातली हवा

(भिवंडी, १९९१. एका दवाखान्यात पलंगावर लूमचा कारागीर दत्तू. उशाशी बायको हौसा, पायथ्याशी कारखान्याचे शेठ केसरीनाथ. हातात एक्स-रे घेऊन उभी असलेली डॉक्टर.)

केसरीनाथ : ग्यासला फोटो कसला काढतेस? चवळी हाणली असंल. सोडा पाज नि संध्याकाळच्या शिफ्टला धाड.

डॉक्टर : शेठ, गॅस आतड्यात नाही, आतड्याच्या भिंतीत आहे. बारीक फुगे धरलेत.

केसरीनाथ : मला नको शिकवू. नामाची पोर तू. तुझा बाप माझ्या शेडमध्ये कांड्या भरायचा.

डॉक्टर : आणि खोकत गेला. दत्तूभाऊ, खोकला किती वर्षं?

दत्तू : सात-आठ. पन बाई, चूक माजीच हाय. लूमवर आडवा दोरा नेतो त्या धोट्याच्या भोकातून दोरा तोंडानं ओढतो ना आमी, तवा हवा पोटात गेली. म्हयना झाला, तारेनं ओढतो. तरी पोट फुगतंच.

केसरीनाथ : ऐक! साहेब तारेनं ओढतात, नि माझे चार लूम खोळंबतात.

डॉक्टर : गिळलेली हवा ढेकरेने जाते, भाऊ. तुमची चूक नाही. खोकून खोकून फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या फुटतात नि ती हवा आतड्यापर्यंत उतरते, असं एक कारण सांगतात. आतडं कुठे अडलं, त्याचं रक्त कमी पडलं, तरी होतं. छातीसाठी काय घेता?

हौसा : पुडी. अंबाडी गावच्या वैदूची. शेठच देतात, चायबरोबर. ही बघा.

डॉक्टर : दम लगेच मोकळा होतो, नि तोंड सुजतं?

हौसा : हाय, तसंच हाय.

डॉक्टर : मग यात स्टिरॉइड असणार. त्यानेही आतड्याचं अस्तर दुबळं होतं. नक्की कारण कुठलं, ते मी आज सांगू शकत नाही. पोट मऊ आहे, ताप नाही, म्हणून कापायचं नाही. ऑक्सिजन देते, त्याने फुगे जिरतात. पुडी एकदम तोडायची नाही, मी हळूहळू सोडवते. खोकला मात्र शेडमधल्या कापसाच्या धुळीचा, तेव्हा शेडमध्ये जाणं आजपासून बंद.

केसरीनाथ : बंद? ह्या भिकारड्याला दुसरं येतं काय? म्हणे धूळ! धूळ खाऊनच गाव जगलाय. ह्यांच्याच छात्या काचेच्या.

हौसा : शेठ, तुमचा पोरगा पंढरी कधी दिसला न्हाय शेडमधी.

केसरीनाथ : त्याला कशाला आणू? त्याला धूळ सोसत नाय.

हौसा : (दत्तूकडे वळून) ऐकलंत, धनी? आता तुमाला पन सोसत न्हाय.